न्हाणीघराविरुद्ध तक्रार

बुसान,
मंगळवार, २६ नोव्हेंबर २०१९

मालसुन, थोरल्या भावाचे आशीर्वाद.

सफरचंदांची पेटी परवा पोचली. दोन दबली होती, ती आधी खाल्ली. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. किमची या वर्षी दहाच कोबींची घातली, एकट्या माणसाला लागते किती! ग्वांगिलची आई मदतीला आली होती. मीठ चोळून गेली आणि जाता जाता "तिखटात हात आखडला बघा तुम्ही" असं नावंही ठेवून गेली. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? देगूची थंडी वाईट, पायांत मोजे घालून झोपत जा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि मग मी भलतंच काहीतरी सांगून मोकळा होतो. म्हणून पत्र.

इथली बातमी म्हणजे एक बाई. बांग हेरिम तिचं नाव, चाळिशीची आर्किटेक्ट आहे. वसंतापासून आपल्या डोंगराच्या पायऱ्या चढतेय. तुमची सहा घरांची ओळ पाडून ती इमारतवाली कंपनी बुडाली, तेव्हापासून ती जागा ओसाड आहे, तुला माहीतच आहे. आता जागा वॉर्ड ऑफिसकडे आली आहे आणि तिथे वस्तीसाठी न्हाणीघर बांधायचं या बाईनं मनावर घेतलंय. बांधकामाचा खर्च वॉर्ड ऑफिसचा. ती स्वतः काही घेणार नाही म्हणते. हे ऐकलं तेव्हाच मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिल्यांदा भेटली तेव्हा वाकून म्हणाली, "जेवलात का, आजोबा?"

"जेवलो. तुमचं पोट कशावर चालतं?"

"दुसऱ्यांची घरं बांधते, त्यावर. हे काम मनासाठी."

मनासाठी! फुकट कोण कुणाची पाठ चोळतं, मालसुन?

तीन महिने तिनं कागदावर एक रेघ ओढली नाही. नुसती पायऱ्यांवर बसायची आणि कोण कुठल्या पायरीवर दम खायला थांबतं ते वहीत लिहायची. मी एकशे बाराव्या पायरीवर थांबतो हे मला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं. आपला दम कुठे संपतो हे परक्या माणसाला कळावं, हे मला मुळीच आवडलं नाही.

सप्टेंबरात तिनं त्या मोकळ्या जागेवर दोऱ्या अंथरल्या. जेवढं न्हाणीघर तेवढ्याच दोऱ्या. ही भिंत, हे दार, हा गरम पाण्याचा हौद. वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्या टॉवेल घेऊन आल्या आणि त्या नसलेल्या न्हाणीघरात शिरल्या. ग्वांगिलची आई हौदात पाय पसरून बसली आणि ओरडली, "अहो मॅडम, माझे पाय बाहेर राहतायत! हौद माझ्यासाठी आहे की मांजरीसाठी?" बाईनं तिथल्या तिथे दोरी हातभर सरकवली. "आता पाठ चोळा गं कुणीतरी," म्हातारी म्हणाली, आणि दुसरीनं खरंच चोळायला घेतली. सगळ्या हसून लोळत होत्या. मी लांब उभा होतो. दोरी जिथून गेली होती तिथे तुझी चूल होती.

न्हाणीघर नको असं मी म्हणत नाही. आपल्या इथल्या बऱ्याच घरांत अजून न्हाणी नाही. खाली बाजारात जाऊन आंघोळ करावी, तर वर चढेपर्यंत पुन्हा घाम येतो. गेल्या हिवाळ्यात ग्वांगिलची आई ओल्या केसांनी वर येताना गोठलेल्या पायरीवर घसरली आणि मनगट मोडून बसली. गरज आहे. पण गरजवंताचीच मान पहिली कापली जाते, हे मी पाहिलंय.

ऑक्टोबरात एका दुपारी ती बाई वस्तीप्रमुखाच्या घरातून बाहेर पडताना दिसली. काखेत शिक्क्यांचा डबा. तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा तुला आठवत असेल. सरकारी कागदावर सहीऐवजी शिक्का उमटवायला दर वेळी कोण पायऱ्या चढउतर करणार, म्हणून आपल्या वस्तीत सगळ्यांनी आपापल्या नावाचा शिक्का वस्तीप्रमुखाकडेच ठेवून दिलेला असायचा. वीस वर्षं तो डबा माझ्याकडे होता. पाच वर्षांपूर्वी पद सोडलं तेव्हा तो मी नव्या प्रमुखाला दिला. आता साठ जणांचे शिक्के परक्या बाईच्या काखेत! संध्याकाळच्या आत मी वॉर्ड ऑफिसला तक्रार लिहिली: ही बाई लोकांचे शिक्के गोळा करते, त्यांच्या नकळत संमतीपत्रं तयार करते, सगळा डोंगर विकून जाईल.

दुसऱ्या दिवशी तिनं माझं दार वाजवलं. बरोबर ग्वांगिलची आई. बाईनं माझा शिक्का दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा, आजोबा. प्रमुख म्हणाले, द्या कागद, साठच्या साठ शिक्के मीच मारून देतो. मी नको म्हटलं. ज्याला न्हाणीघर हवं त्यानं आपल्या हातानं मारावा, ज्याला नको त्यानं मारू नये. म्हणून घरोघर परत देत फिरतेय."

मी शिक्का घेतला. डबा रिकामा झाला असं मला वाटलं. पण तळाशी एक राहिला होता.

"ह्याचं घर सापडत नाही. मा मालसुन कोण?"

"ह्यांची बहीण," ग्वांगिलची आई म्हणाली. "तिच्या नवऱ्यानंच तर गुपचूप शिक्का मारला ना कंपनीच्या कागदावर! छांगबेनं. इथून शिक्का मागून नेला तो परत आणलाच नाही मेल्यानं. सहा घरं उठली त्याच्यापायी."

बाई शिक्क्याकडे बघत राहिली. "परत आणलाच नाही? मग हा डब्यात कसा?"

ग्वांगिलची आई माझ्याकडे बघू लागली. चाळीस वर्षं शेजारी राहते ती, पण तशी कधी बघितली नव्हती. मी "चहा टाकतो" म्हणून आत गेलो आणि आतच राहिलो. त्या गेल्याचं पायऱ्यांवरच्या आवाजावरून कळलं. शिक्का उंबऱ्यावर ठेवून गेल्या होत्या.

अकरा वर्षं चुकवलं, ते आता लिहितो. शिक्का छांगबेनं मारला नाही. मी मारला.

तुमच्या ओळीतल्या सहांपैकी चौघे तयार होते, नियमाला पाचवा हवा होता. तू 'विचार करते' म्हणाली होतीस. तुझा शिक्का माझ्या हाताशी होता. सगळ्यांचं भलं होईल असं मला वाटलं, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही पुरतं खरं नाही. कंपनीनं मला नव्या इमारतीत समुद्राकडचं घर कबूल केलं होतं. पाडायला यंत्रं आली, तू रडत माझ्याकडे आलीस, "दादा, कुणी मारला शिक्का?" म्हणून विचारलंस, आणि माझ्या तोंडून छांगबेचं नाव गेलं. त्या एका दिवसापुरतं, असं वाटलं होतं. शिक्का मात्र फेकून देववला नाही. बहिणीचं नाव कसं फेकणार?

तो शपथा घेत होता आणि तू माझ्यावर विश्वास ठेवत होतीस. देगूला गेल्यावर दोन वर्षं तू त्याच्याशी धड बोलली नाहीस, आणि तो तसाच गेला. त्या बाईच्या काखेत डबा बघून मला कट दिसला, कारण त्या डब्यानं काय करता येतं हे या डोंगरावर एकट्या मला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं.

माझ्या तक्रारीनं काम थांबलंय. शनिवारी वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे. तक्रार टिकली तर वर्ष संपताच मंजुरी जाईल आणि म्हाताऱ्या या हिवाळ्यानंतरही खालीच आंघोळीला जातील. मी तक्रार मागे घेणार आहे. का केली विचारतील, तेव्हा हे सगळं वस्तीसमोर उभं राहून सांगणार आहे. पण लोकांच्या आधी तुला कळायला हवं. म्हणून आज लिहायला बसलो. तुझा शिक्का पाकिटात आहे.

तुझा मुलगा म्हणत होता, तू छांगबेचं श्राद्ध घालत नाहीस. 'घर विकणाऱ्याला घरचं अन्न कशाला' म्हणतेस. पुढल्या महिन्याच्या नऊ तारखेला त्याची तिथी आहे. मालसुन, या वर्षी त्याचं पान वाढ. मासा डोक्यासकट ठेव, त्याला तसाच आवडायचा. आणि त्याला सांग, तू खरं बोलत होतास.

मला बोलावू नकोस.

नवऱ्यापेक्षा ज्याच्यावर जास्त विश्वास ठेवलास, तो
पान्सू