माझी डावी दाढ आणि चंद्राकाकूचं शेवटचं प्रकरण

३ फेब्रुवारी, सोमवार
झालं एकदाचं! पुण्याच्या त्या ऑडिओ-पुस्तकवाल्यांचा फोन आला. माझा आवाज पसंत. आख्खी कादंबरी मीच वाचायची, चौदा प्रकरणं. मुक्ता नावाची मुलगी आहे तिकडची, ती स्वतः येणार. तारनाक्याला स्टुडिओ घेतलाय, पुढचा सोमवार ते बुधवार. म्हणाली, सुलभाताई, आम्हाला हैदराबादचीच मराठी पाहिजे होती, घासूनपुसून घेतलेली नको.
मी फोन ठेवला नि ओट्याला धरून उभी राहिले. पुण्यातल्या लग्नांत माझं करायलंय-बोलायलंय ऐकून बायका पदर तोंडाला लावायच्या. जाऊबाई तर नक्कल करून दाखवायच्या, ती पण माझ्याच समोर. आता घ्या म्हणावं. सत्तावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी ‘असंच बोला’ म्हणालं.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, म्हणजे आता दिवसभर बोलणार नि वर रेकॉर्डिंगपण होणार? त्यांना खुशी झाली की ते असंच बोलतात.

४ फेब्रु., मंगळ
कादंबरी आली, मेलवर. एका बैठकीत वाचली. भात करपला, करपू दे. गौलीगुड्याची चंद्राकाकू, घरात सगळ्यांशी भांडून पिशवी उचलते आणि माहेरी जाते म्हणून बसस्टँडवर येऊन बसते. सगळी गोष्ट त्या एका दिवसाची, त्या बाकड्यावरची. शेवटच्या प्रकरणात बस लागते. ती बसती की नाही ते इथंपण लिहीत नाही, मुक्ताला शब्द दिलाय कुणाला कळू देणार नाही म्हणून.
रडले मात्र खूप. चंद्राकाकू हुबेहूब माझ्या मावशीसारखी बोलती.

५ फेब्रु., बुध
डावीकडची खालची दाढ दुखायलीय. हिच्यात भरलेली चांदी पडली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून गप्प होती. आजच आठवण झाली मेलीला. लवंग धरली. काही फरक नाही.

६ फेब्रु., गुरु
काय दिवस गेला. सगळं लिहिते.
सकाळी आरशात बघितलं तर डावा गाल टम्म. ठणका कानापर्यंत. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचं नाव काढलं तरी मला घाम फुटतो, हे सगळ्या घराला ठाऊक. म्हणून ते फोनवरच्या डॉक्टरचं ॲप घेतलं. माझं मी घेतलं, कुणाला न विचारता. ह्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, दाढ काय फोनातून उपटणार का? म्हटलं बघालच.
चारची वेळ मिळाली. तोपर्यंत आत्याबाई गप्प बसतात होय. चौऱ्याऐंशी वय, पण सुनेचा गाल सुजला म्हटल्यावर सहाण काढली, रक्तचंदन उगाळलं, डोळ्याखालपासून मानेपर्यंत जाड लेप दिला. चारच्या आत मी ओल्या फडक्यानं पुसून टाकला.
डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी निघाली, फरहीन नावाची. आपली इथलीच, बोलण्यावरून लगेच कळलं. हसत हसत ‘आदाब आंटी’ म्हणाली आणि माझं तोंड नीट दिसल्याबरोबर एकदम पुढं वाकली. मग विचारलं, ये लाली कब से है? म्हटलं कसली लाली. म्हणाली, आंटी, इन्फेक्शन नीचे गर्दन तक फैल रहा, अब्बीच हॉस्पिटल जाव, घर में कौन हैं?
ह्यांचा चेहरा पांढराफटक. चपला शोधायला धावले. सोमवारचं रेकॉर्डिंग गेलं, हेच पहिलं माझ्या मनात आलं. जीव जातोय की काय ते नंतर.
तेवढ्यात मागून आत्याबाई म्हणाल्या, अगं चंदन आहे ते, पुसलंस कुठं नीट.
टॉवेल भिजवून खसाखसा घासलं. टॉवेल लाल, गाल साधा. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. म्हणाली, मेरी जान निकल गई थी आंटी. मग इतकी हसली की तिच्यामागची नर्सबाई बघायला आली. मीपण हसले, दुखत होतं तरी.
पुढं सगळं रीतसर. ह्यांच्या एका हातात फोन, एका हातात बॅटरी, नि उलटा चमचा घेऊन मीच एकेका दातावर टिचकी मारायची, ती म्हणेल तशी. तिसऱ्यावर मी किंचाळले. म्हणाली, बस, मिल गई. तोंड किती उघडतं, गिळता येतं का, ताप आहे का, कुठल्या गोळीची ॲलर्जी, सगळं विचारलं. चिठ्ठी फोनवर आली, तासाभरात मेडिकलवाला गोळ्या देऊन गेला. लेप बंद, बाहेरून शेक बंद, आतून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. आणि शनिवारी तिच्या क्लिनिकला यायचं, नारायणगुड्याला. एक्स-रे काढून दाढ उघडायची, घाण वाहू द्यायची. ‘गोली से सूजन जाती आंटी, बीमारी नै जाती.’
पण काय कमाल आहे! घराबाहेर पाऊल न टाकता, मॅक्सीवर बसून दाताचा डॉक्टर! दिवसभर हीच गोष्ट सांगत सुटलेय. आत्याबाई तेवढ्या फुगल्यात, चंदनाचा अपमान झाला म्हणून.

७ फेब्रु., शुक्र
ठणका निम्म्यावर. रात्री झोपले.

८ फेब्रु., शनि
सूज गेली! दोन्ही गाल सारखे. क्लिनिकला गेले नाही. खरं कारण: खुर्ची. दुसरं खरं कारण: त्यांनी आत काही कापलं नि सोमवारी जीभ वळली नाही तर? तीन दिवसांचा प्रश्न आहे. डॉ. फ.ना ॲपवर लिहिलं, एकदम बरी आहे, गुरुवारी येते. उत्तर आलं, गुरुवार लंबा है आंटी, आज आव. परत काही लिहिलं नाही मी.
हे म्हणाले, दाखवून आलीस तर बरं. म्हटलं, तुम्हाला कधीपासून फोनवरच्या डॉक्टरचं पटायला लागलं?
संध्याकाळी आत्याबाईंना पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. म्हणाल्या, ही तर आपल्यातलीच बाई आहे गं. दुसरं वाच म्हणाल्या.

१० फेब्रु., सोम
आज मी काय केलं ते मलाच खरं वाटेना. काचेच्या आत मी, कानाला ते मोठं हेडफोन, काचेपलीकडे मुक्ता. एवढीशी पोर, जीन्स घातलेली, पण कान तयार. सुरुवातीला मी घाबरून पुस्तकी बोलायला लागले. तिनं थांबवलं. म्हणाली, ताई, तुम्ही मघाशी ऑटोवाल्याशी बोललात ना, तसं.
मग सुटले. पाच प्रकरणं झाली. चंद्राकाकू तिकीटवाल्याशी भांडते तिथं मु. तोंड दाबून हसत होती. परत एकदा ‘काय करायलाय तू’ म्हणा, म्हणाली. म्हटलं चुकलं का? म्हणाली नाही हो, मला ऐकायचंय.
जन्मात पहिल्यांदा.
दुपारची गोळी मात्र घरी राहिली.

११ फेब्रु., मंगळ
अकरा प्रकरणं संपली. मु. म्हणते पुढच्या पुस्तकालापण मीच. नावं घ्यायला लागली पुस्तकांची! गोळी आजपण विसरले, स्टुडिओत कुठलं भान राहतं. दुपारनंतर जबडा ओढल्यासारखा वाटत होता, गरम चहा घेऊन वाचत राहिले. कुणाला बोलले नाही. उद्या फक्त तीन प्रकरणं.

१२ फेब्रु., बुध
उठले तर आरशात गेल्या गुरुवारपेक्षा दुप्पट गाल, आणि लाल. पहिला राग आत्याबाईंवर. झोपेत लेप दिला की काय. त्यांनी देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. तरी मी टॉवेल भिजवून घासलं. टॉवेल पांढराच राहिला. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, मी टॉवेलकडे.
अंगात ताप. तोंड उघडेना.
ॲपवर लिहिलं तशी डॉ. फ. लगेच समोर आली, घरातूनच, ओले केस. तिनं तिरकं काही ऐकवलं नाही. एवढंच म्हणाली, दातों में उंगलियाँ खड़ी डालो, कितनी जातीं? एकसुद्धा धड जाईना. गिळताना? दुखतंय. मग तिचा आवाज बदलला. ‘अब स्टुडिओ नै. सीधा क्लिनिक आव, मैं नीचेइच ठैरतूं.’
मी विचारलं. विचारलंच. दोन तास द्या, तीनच प्रकरणं राहिलीत, ती मुलगी संध्याकाळच्या विमानानं जाणार. दातावर दात ठेवून किती बोलता येतं तेवढं बोलले.
ती म्हणाली, ‘आंटी, आवाज गले से आती. गलाच बंद हुआ तो क्या पढ़ते?’
हे रोज काहीतरी टोमणा मारतात. आज फक्त चल म्हणाले, आणि माझी चप्पल माझ्या पायाशी आणून ठेवली.
मुक्ताशी ह्यांनीच बोलून घेतलं. ती म्हणाली, आधी जा.

१३ फेब्रु., गुरु
पडून लिहितेय. दाढ काढली. आत पू होता, तो वाहता केला, त्यांनी एक सर्जन बोलावले होते. खुर्चीत बसले. मेले नाही. इंजेक्शनच्या वेळी डॉ. फ.नं माझ्या कपाळावर हात ठेवला होता, तो शेवटपर्यंत काढला नाही. प्रत्यक्षात ती इतकी बुटकी आहे! फोनात ऐसपैस दिसायची. सर्जन म्हणाले, शनिवारी आला असतात तर कदाचित दाढसुद्धा वाचली असती. ऐकून घेतलं.
मु. काल गेली.

१४ फेब्रु., शुक्र
मु.चा फोन. बिचारी आडवळणं घेत होती, म्हटलं सरळ सांग. तिच्या साहेबांनी पुस्तकाची तारीख जाहीर करून टाकलीय. पुण्यातली एक नटी आहे, कुठलीपण बोली उचलते म्हणे, तिच्याकडून उरलेली तीन प्रकरणं करून घ्यावीत असं साहेबांच्या मनात आहे.
पुण्याची बाई करायलंय म्हणणार! शिकून! माझ्या चंद्राकाकूला बाकड्यावरून उठवणार!
राग आला, रडले, रडताना टाके ताणले गेले, म्हणून गप्प झाले. मुगाची पातळ खिचडी. आत्याबाईंनी चमच्यानं भरवली. मग मीच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

१५ फेब्रु., शनि
मुक्ता भांडली साहेबांशी! बुधवारपर्यंत मुदत. बाराव्या प्रकरणातलं एक पान फोनवर वाचून पाठवायचं, आवाज आधीच्याला जुळला तर परत स्टुडिओ घेणार. मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, ताप उतरलाय. ह्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं तर म्हणाले, मग बस की व्यायाम कर तोंडाचा, एरवी सांगावं लागत नाही.
डॉ. फ.नं फोनवर दाखवला व्यायाम. हल्लू हल्लू, जबरदस्ती नक्को.

१७ फेब्रु., सोम
दोन बोटं जातात. पान वाचून रेकॉर्ड केलं, ऐकलं. तोंडात विडा धरून बोलणारी बाई. पाठवलं नाही. चिडचिड. दूधवाल्याला उगाच बोलले.

१८ फेब्रु., मंगळ
पुसलं, वाचलं, पुसलं. ह्यांनी पंखा बंद करून टीव्ही बंद करून खालच्या मुलांनापण गप्प केलं. शेवटी बरं वाटलं एक. बरं म्हणजे, मला बरं. दाढेच्या जागी जीभ जाते सारखी, तिथं शब्द अडखळतो का ते मला कळेनासं झालंय.

१९ फेब्रु., बुध
सकाळी पूजा करून पाठवलं. एकदा दिलं की दिलं.
अकराला डॉ. फ. फोनवर, शेवटची तपासणी. बॅटरी ह्यांच्याकडे. जखम भरायलीय. बोटं घातली, तीन गेली! तीही खूश. मग म्हणाली, अब कुछ बोलके दिखाव, जबड़ा कैसा चलता देखती. काय बोलू? हाताशी तेच कागद होते. शेवटचं प्रकरण काढलं आणि सुरू केलं, बस लागते तिथून. कंडक्टर नांदेड नांदेड ओरडतोय, चंद्राकाकू पिशवी मांडीवर घेऊन बसलीय, लोक तिला ओलांडून चढताहेत. तिनं थांब म्हटलं नाही, मी थांबले नाही. दार लावायची वेळ आली तिथं पान संपत होतं, आणि दिलेला शब्द आठवला म्हणून गप्प झाले.
ती फोनाजवळ आली होती, नुसते डोळे आणि कपाळ दिसत होतं. तिच्या मागं कुणीतरी दुसऱ्या पेशंटचं नाव घेत होतं.
‘फिर? बैठी क्या वो बस में?’
म्हटलं, सांगायचं नाही असं कबूल केलंय. पुस्तक आलं की ऐका. आणि मग तेही सांगून टाकलं, की शेवट कदाचित दुसरीच बाई वाचेल.
ती म्हणाली, ‘तुम पढ़े तो सुनती. दूसरी का नक्को.’
ह्यांनी बॅटरी विझवली नव्हती, तशीच माझ्या तोंडावर धरून उभे होते.
आता साडेचार. सॅम्पलपुढं दोन निळ्या खुणा आल्यात, म्हणजे मु.नं उघडलंय. उत्तर नाही अजून.