डॉक्टरांना मी ‘नाही’ म्हणाले

गॅरी, इंडियाना
रविवार, १९ फेब्रुवारी १९९५

प्रिय ओडेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला टाकलं नसशील, एवढीच आशा. तुझा पत्ता आपल्या मावशीच्या ग्लेंडाकडून मिळाला. फोन नंबर तिच्याकडे नव्हता, किंवा असेल आणि तिने द्यायचं टाळलं. ओकलंडला तू सुखरूप असशील, बस चालवत असशील, कमरेचं दुखणं मिटलं असेल. आम्हीही बरे आहोत. चार दिवस सरोवरावरून बर्फ येतोय. चर्चमध्ये नवे पाद्री आलेत, तरुण आहेत, गळा चांगला आहे, पण प्रवचन संपवायचं कुठे ते कळत नाही.

आईच्या अंत्यविधीला मी तुला जे बोलले त्याला सहा वर्षं झाली. पापा गेल्यावर तू आम्हाला टाकून पळालास, असं सगळ्यांदेखत म्हणाले. चौदा वर्षांच्या पोराने घर चालवलं, अठराव्या वर्षी ते दुसऱ्या गावी गेलं, त्याला पळणं म्हणत नाहीत. माफ कर. हे आधीच लिहायला हवं होतं.

माझा कीनन आता सहा फूट आठ इंच झालाय. तू पाहिलंस तेव्हा तुझ्या खांद्याला लागत होता. बास्केटबॉल असा खेळतो की इथले म्हातारे त्याचं नाव घेऊन पैजा लावतात. गेल्या वर्षापासून कॉलेजांची पत्रं येतात, रोज दहा-बारा. एका कोचने तर माझ्या वाढदिवसाचं कार्ड पाठवलं, तेही बरोबर तारखेला. तारीख त्याला कोणी सांगितली याचाच मी दिवसभर विचार करत बसले.

आम्ही घर बदललंय, हे पाकिटावरून तुला कळलंच असेल. चांगलं आहे. हीटर चालतो. दारात एक गाडी आहे, जुनी, पण चालू. वृद्धाश्रमातलं स्वयंपाकाचं काम सोडून मी एका फर्निचरच्या दुकानात ऑफिसात बसते. टेबल आहे, फोन आहे, काम मात्र नाही. कोणी फोनच करत नाही, ओडेल. शुक्रवारी पगार मिळतो.

हे सगळं कुठून आलं ते तू विचारशील, म्हणून मीच सांगते. कीननच्या उन्हाळी संघाचा कोच आहे, लेस्टर बूथ. पहिल्यांदा त्याने पोराला बूट आणले. पोराचे पाय केवढे, तेवढे बूट मला परवडत नव्हते, मी घेतले. मग एका जानेवारीत आमचा गॅस तोडला, आणि बूथने कोणाला न सांगता बिल भरलं. मला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याची बायको आठवडाभर सूप घेऊन येत होती. वाईट वागला असता तर मी दार लावून घेतलं असतं. तो चांगलाच वागत गेला. मग हे घर, मग गाडी, मग नोकरी. दर वेळी म्हणायचा, “मिस अर्नेस्टीन, तुम्ही काही मागितलेलं नाही. लोकांना कीननचं कौतुक आहे, म्हणून करतात.” आणि दर वेळी एक कागद पुढे करायचा. आम्ही कोणाकडून काही घेतलेलं नाही, असं त्यावर लिहिलेलं असायचं, कारण घेतलं असेल तर पोराला कॉलेजात खेळू देत नाहीत. मी सही करायचे.

कोणते लोक, ते मी विचारलं नाही. मागच्या उन्हाळ्यात कळलं. दक्षिणेतलं एक कॉलेज आहे, तिथले श्रीमंत लोक आपल्या संघासाठी खिसे मोकळे करतात. एप्रिलमध्ये कीननने त्या कॉलेजकडून खेळायच्या करारावर सही केली की बूथला त्याचा वाटा मिळणार. कीननला इथेच, जवळच्या कॉलेजात जायचं होतं, त्याला पूल बांधायला शिकायचंय. मी त्याला म्हणाले, “पूल दक्षिणेतही असतात.” तो नुसता हसला. हे मी माझ्या मुलाला म्हणाले.

आता पुढचं. हे लिहायच्या आधी उठून भांडी घासून आले. घासलेलीच होती.

डिसेंबरच्या पंधरा तारखेला सरावात कीनन कोसळला. अर्धं मिनिट शुद्ध नव्हती. शाळेच्या कोचने दवाखान्यात नेलं. डॉ. लिंडक्विस्ट म्हणून बाई आहेत, शांत, जवळजवळ कुजबुजत बोलणाऱ्या. त्यांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय दाखवलं. एक भिंत जाड झालीय म्हणाल्या. शिकागोच्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय एक पाऊलही पळायचं नाही. मग कीननला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, “तुमच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? खेळताना, धावताना?”

बूथ माझ्या शेजारी उभा होता. मी निरोप द्यायच्या आत तो कसा पोचला कोण जाणे. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणाले, “नाही.”

पापा सदतीस वर्षांचे होते, ओडेल. मी नऊ वर्षांची होते, पण एवढं मला कळत होतं. कारखान्याच्या फाटकासमोर गेले. उन्हाने गेले, असं सगळे म्हणाले. मीही तेच मानलं, कारण तेच सोपं होतं. पण बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिले पापाच आले, आणि तरीही तोंडातून ‘नाही’ गेलं. घर, गाडी, हीटर, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बूथ आम्हाला हॅमंडच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. त्याने स्टेथोस्कोप लावला, कीननची उंची विचारली, यंदा राज्य स्पर्धा जिंकणार का ते विचारलं, आणि खेळायला हरकत नाही असं लिहून दिलं. दहा मिनिटं लागली. डॉ. लिंडक्विस्टनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. त्यांचं पत्र आलं, ते मी चादरींखाली ठेवलं. कीननला सांगितलं, “उपाशी होतास म्हणून चक्कर आली.”

त्यानंतर तो अकरा सामने खेळला. ते मी कसे पाहिले ते तुला कसं सांगू? सगळे चेंडूकडे बघतात, मी त्याच्या छातीकडे बघायचे. तो उडी मारून खाली येईपर्यंत मी बाकाची कड धरून ठेवायचे. त्याने बुटाची नाडी बांधायला गुडघा टेकला तरी मी अर्धी उठायचे. शेजारची बाई म्हणायची, “एवढी घाबरतेस काय? तुझा पोरगा तर लोळवतोय त्यांना!” मी हसायचे. घरी तो झोपला की मी दाराशी उभी राहायचे, पांघरूण हलतंय ना ते बघत. आई झाल्यावर पहिल्या महिन्यात बायका असं करतात. सतरा वर्षांच्या पोराचं कोणी करत नाही.

परवा शुक्रवारी सामना होता. त्या दक्षिणेच्या कॉलेजची दोन माणसं पहिल्या रांगेत, बूथ त्यांच्यामध्ये. तिसऱ्या भागात कीनन फ्री थ्रोला उभा राहिला आणि चेंडू हातात धरून तसाच थांबला. पंचांनी शिटी वाजवली, तरी हलेना. मग त्याने मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. टोपलीकडे नाही, कोचकडे नाही. माझ्याकडे.

मी कशी उतरले ते आठवत नाही. बर्फाचे बूट घालून मी त्यांच्या चकचकीत जमिनीवर चालत गेले. पंच ओरडले, “बाई, बाहेर व्हा!” वरून लोक ओरडायला लागले, “खाली बसवा तिला!” कोणीतरी बर्फाचा गोळा फेकावा तसा कागदाचा पेला फेकला. बूथ आडवा आला, चेहरा हसरा ठेवून दातांतल्या दातांत म्हणाला, “मिस अर्नेस्टीन, ती माणसं बघतायत. परत जागेवर जा. दोन मिनिटांत मी त्याला बाहेर काढतो.”

“दोन मिनिटं नाहीत माझ्याकडे,” मी म्हणाले.

कीननच्या हातातून चेंडू काढून मी खाली ठेवला आणि त्याचा हात धरला. एवढा मोठा हात, बर्फासारखा गार. तो लहान मुलासारखा माझ्यामागून आला.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसवून मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, पत्र, माझं ‘नाही’. वाटलं, आता हा कधी माझं तोंड बघणार नाही.

तो म्हणाला, “मम्मा, मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं?”

“दिवे फिरतात माझ्यापुढे. सप्टेंबरपासून. कधी कधी छाती अशी धडधडते की माणसांचा आवाज ऐकू येत नाही.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

त्याने आधी दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, “जुन्या घरात तू कोट घालून जेवायचीस. इथे आल्यावर पहिल्यांदा कोट काढून बसलीस. मी म्हटलं, एप्रिलपर्यंत कसंही निभावू.”

ओडेल, हे ऐकून मला रडूसुद्धा आलं नाही. भीतीच वाटली. मी त्याच्यापासून लपवत होते, तो माझ्यापासून, आणि मधल्या मध्ये तो मरून गेला असता.

काल, शनिवारी सकाळी, मी डॉ. लिंडक्विस्टना फोन केला. म्हणाले, “मी तुमच्याशी खोटं बोलले. माझे वडील सदतिसाव्या वर्षी पडून गेले.” त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “त्याला घरी ठेवा. जिनासुद्धा सावकाश चढू दे.” त्यांनी शिकागोची वेळ घेऊन दिलीय, मंगळवार, अठ्ठावीस तारीख.

दुपारी बूथ आला. गाडीच्या किल्ल्या मागितल्या, दिल्या. महिनाअखेर घर रिकामं करायचं, सोमवारपासून दुकानात यायचं नाही. एवढं मला अपेक्षितच होतं. पण जाताना दारात थांबला आणि ‘मिस’ गाळून म्हणाला, “अर्नेस्टीन, त्या कागदांवर माझं नाव कुठेच नाही. सह्या तुझ्या आहेत. शाळेत तोंड उघडलंस तर पोरगा कुठल्याच कॉलेजात खेळणार नाही, आणि खोट्या सह्या केल्याबद्दल तुझ्यामागे पोलीस लागतील. नीट विचार कर.” दम देतानाही आवाज सूप आणून देणाऱ्या घरातलाच होता. कालपासून समोर एक निळी गाडी उभी असते. आत दोन माणसं असतात. काही करत नाहीत, बसून असतात. कीनन म्हणतो, “असू दे, रस्ता सगळ्यांचा आहे.” मी पडदे ओढून घेतलेत.

तरी मंगळवारी हे पत्र टपालात टाकून (उद्या सुट्टी आहे) मी तशीच शाळेत मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. सगळं सांगणार आहे. जाणारच. नंतर कुठे राहायचं ते ठरलेलं नाही. ग्लेंडाचं तळघर आहे.

मला तुझ्याकडून पैसे नकोत. डॉक्टरांनी विचारलंय, वडिलांचं नक्की काय झालं, कोणी पाहिलं होतं का? पाहणारा तू एकटाच, ओडेल. तू डबा घेऊन फाटकाशी गेला होतास. एकतीस वर्षांत आम्ही कोणीच तुला विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. ते धावत होते का? त्याआधी कधी चक्कर आली होती? छातीला हात लावला होता? शिकागोच्या डॉक्टरांना याचा उपयोग होईल. लिहिणं जमणार नसेल तर ग्लेंडाकडे फोन कर, मी येऊन बसेन. नीट सांगता आलं नाही तरी चालेल.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय आणि जे सकाळपासून लांबवतेय, ते आता. बाईंनी शेवटी विचारलं, “तुम्हाला भावंडं आहेत? त्यांना मुलं?” हे रक्तातून येतं म्हणाल्या. मला, तुला, कोणालाही असू शकतं, आणि आपण ते पुढे दिलेलं असू शकतं. ग्लेंडा म्हणाली, तुझी सिमोन शाळेसाठी चारशे मीटर धावते आणि यंदा तिलाही कॉलेजांची पत्रं यायला लागलीत. ओडेल, तिचं हृदय तसल्या यंत्राने तपासून घे. स्वतःचंही. तोवर तिला धावू देऊ नकोस. ती रडेल, कोच येऊन बसतील, तिचं वर्ष वाया जातंय म्हणतील. दार उघडू नकोस. माझ्यावरचा राग तसाच ठेव, मला चालेल, पण हे पत्र खाली ठेवलंस की आधी तिला शाळेतून घरी आण.

दोन महिने गप्प बसलेली,
तुझी बहीण
अर्नेस्टीन