आठ इंची सबवूफर आणि तुमचा कापूस

पिंप्राळा, जळगाव
सोमवार दुपार, ओट्यावरून

आदरणीय सुपडूमामा,
सविनय जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आईचा गुडघा सोडून (तोही बरा आहे, फक्त जिना दिसला की दुखतो). मामींचा खोकला थांबला का? दोंडाईच्याला आमच्यापेक्षा जास्त थंडी पडते असं तुम्ही दर वर्षी सांगता, ते यंदाही मान्य. पोऱ्याने फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. एक कारण असं की फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता आणि ट्रॅक्टर चालू करता. दुसरं कारण शेवटी सांगतो.

आधी अभिमानाची गोष्ट. मामा, आख्ख्या पिंप्राळ्यात, आणि मी तर म्हणतो धुळ्यापर्यंत, झोपायच्या खोलीत इतका अचूक बसवलेला सबवूफर दुसरा नाही. सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड आवाज काढणारा खोका. बाकीचे स्पीकर ढोलकी कानाला ऐकवतात, हा छातीला ऐकवतो. (तुम्ही त्याला "पोऱ्याचा फ्रीज" म्हणालात, ते मी विसरलेलो नाही.) तो निवडायला मी धुळ्याला पुनाकडे गेलो. पुना माझा कॉलेजातला दोस्त, आता लग्नांत डीजे लावतो आणि स्पीकर विकतो. (कॉलेज मी मधेच का सोडलं हा विषय कृपया काढू नका. सरांनी सगळ्या वर्गासमोर माझी वही खिडकीबाहेर फेकली, मी वहीच्या मागे गेलो आणि परत आलो नाही, एवढंच.) पुना म्हणाला, पंधरा इंची घे. मी म्हटलं, खोली दहा बाय बाराची, पंधरा इंची आत ठेवला तर आम्ही कुठे राहायचं? तो म्हणाला, "तुला काय कळतं रे?" इथे माझं डोकं फिरलं. तासभर त्याच्या दुकानात उभं राहून भांडलो, दोन गिऱ्हाइकं परत गेली, आणि शेवटी आठ इंचीच घेतला. लहान खोलीत लहान सबवूफर झटकन वाजतो आणि झटकन थांबतो. मोठा नुसता घुमत बसतो. येताना एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "तिकीट तुझं काढू की याचं?" मी म्हटलं, दोघांचं काढा, पण खिडकी त्याला द्या.

आता जागा ठरवायची रीत ऐका, कारण तुमच्या बहिणीने तुम्हाला ती उलटीच सांगितली असणार. आपण जिथे बसून ऐकणार तिथे सबवूफर ठेवायचा, म्हणजे माझ्या पलंगावर. मग एखादं जाड आवाजाचं गाणं लावून आपण खोलीभर रांगत फिरायचं, कान जमिनीजवळ ठेवून. जिथे आवाज भरीव लागेल तिथे खूण करायची आणि सबवूफर तिथे आणून ठेवायचा. तर सबवूफर उशीवर आणि मी फरशीवर, असा प्रकार चालू असताना आई चहा घेऊन आली. तिने एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, कप सबवूफरपुढे ठेवला आणि निघून गेली. (तुम्हाला फोनवर "पोऱ्यावर काहीतरी उपाय कर" म्हणाली ती याच दिवशी.) सगळ्यात भरीव आवाज सापडला तो पूर्वेच्या कोपऱ्यात, प्रमिलाबाईंच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी. मला तो शुभशकुन वाटला.

कारण, मामा, भिंतीच्या पलीकडे प्रमिलाबाईंची मुलगी संघमित्रा अभ्यास करते, राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा. तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. दीड वर्ष झालं, ती गच्चीवर कपडे वाळत घालायला आली की मी आमच्या टाकीतलं पाणी बघायला जातो. इतकी तपासलेली टाकी महापालिकेकडेही नसेल. बोललो मात्र एकदाही नव्हतो. म्हटलं, आपल्या मनातलं सबवूफरच सांगेल. रोज संध्याकाळी सहा वाजता निवडक गाणी लावायचो. पाचव्या दिवशी ती स्वतः दारात आली. हातात पाण्याचा ग्लास. म्हणाली, "हा माझ्या टेबलावरून चालत चालत खाली पडला. घरात गिरणी टाकली का तुम्ही?" मामा, दीड वर्षातलं पहिलं वाक्य, आणि त्यात गिरणी! मीही तापलो. म्हटलं, गिरणी आणि आठ इंची सबवूफर यातला फरक कळायला कान लागतो. ती शांतपणे म्हणाली, "आणि कॉलेज सोडून हेच ऐकत बसलात?" दार तिने लावलं. आमचंच दार, बाहेरून ओढून.

त्या दिवसापासून एकच ध्यास: खोलीत आवाज पूर्ण, भिंतीपलीकडे शून्य. खाली जुन्या चपलांचे तुकडे दिले, कोपरा सोडून दाराजवळ आणला, मागची बटणं रोज केसभर फिरवली. भांड्यांची मांडणी तरी खणखणतच होती. आणि मग तुम्ही आलात. पिकअपभर कापूस घेऊन जळगावला विकायला निघालात, भाव पटला नाही, आणि "चार दिवस राहू दे रे" म्हणून माझ्या खोलीत खिडकीच्या बाजूला छतापर्यंत कोंबून गेलात. आज सदतिसावा दिवस. मी तेव्हा रागाने जेवलो नाही (सकाळी जेवलो). सगळं घर खाजवत होतं. मग आईच्या जुन्या साड्या शिवून ढिगाला पांघरुणं केली, मीच, हाताने. आणि संध्याकाळी गाणं लावलं तर काय सांगू! घुमणं गेलं, ढोलकीची बोटं वेगवेगळी मोजून घ्या. बाहेर जाऊन प्रमिलाबाईंच्या भिंतीला कान लावला, काही नाही. पुना म्हणतो, कापसाने जाड आवाज अडत नाही, तू बटणच कमी केलं असशील. मी फोन कापला. (बटण दहावरून दोनवर आणलं होतं हे खरं, पण तेही बसवण्यातच येतं.)

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला जागा ठेवा.

तुमचा भाचा,
प्रशील

ता. क. : रविवारी कापूस न्यायला पिकअप पाठवतोय असा तुमचा निरोप मिळाला. पाठवू नका. बावीस तारखेपर्यंत एक बोंडसुद्धा हलवू नका. भाव वाढलाय हे मला माहीत आहे, तरी हात जोडतो.

दुसरा ता. क. : कारण सांगतो. प्रमिलाबाईंच्या पलीकडच्या घरावर नवा मजला चढतोय, दिवसभर फरशी कापतात. संघमित्रा आमच्या आईकडे आली आणि म्हणाली, मावशी, परीक्षेपर्यंत कुठे बसू? आईने माझी खोली दिली. सकाळी दहा ते सहा ती तिथे बसते. खिडकीवर आणि रस्त्याकडच्या भिंतीला तुमचा कापूस आहे, त्यामुळे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत नाहीत, कुत्री नाहीत, फरशीची मशीनसुद्धा नाही. घरात बोलायला बंदी आहे, फोनला तर फारच. पत्राचं दुसरं कारण हेच. सबवूफर सोळा दिवस बंद आहे. त्यावर तिची पुस्तकं असतात आणि दुपारी डबा. काल ती आईला म्हणाली, "मावशी, इतकी सुंदर शांतता जळगावात कुठे नाही." मामा, ते माझंच बसवणं आहे ना?

(याच्या खाली समासात, आईच्या अक्षरात, तिच्या अहिराणीत : सुपडूभाऊ, कापूस बठ्ठा ऱ्हाऊ दे. पोऱ्या पह्यलांदाव गप बठेल शे.)