तार्गिलच्या कानातले केस

११ सप्टेंबर

आयपेरी आली! माझ्या लेकीची लेक, बिश्केकला संस्थेत कामाला आहे. मला ही वही दिली. म्हणाली, "आपा, तुला जे जे बोलायचंय ते यात लिही, मामाच्या कानांना जरा विसावा." कार्टी! चौथीपर्यंत शिकलेय मी, पाचवीच्या वर्षी मेंढरांमागे गेले. अक्षर मोठं मोठं येतंय. येऊ दे, वही तिनंच आणलीये.

गुडघे फार दुखतात. पुरे आज.

१२ सप्टेंबर

आयपेरीबरोबर दोघं आहेत. फिनलंडची रीका — उन्हानं नाक सोललंय बिचारीचं — आणि एक कझाक डॉक्टर. तो गाईला सुई टोचताना तिच्याशीच गप्पा मारतो! "हां आजी, झालं झालं." मला वाटलं मला म्हणतोय.

तीन देशांनी मिळून आमच्या जुन्या गाई शोधायला घेतल्यात. बुटक्या, केसाळ, बर्फ उकरून गवत खाणाऱ्या. सरकारी फार्मच्या थोराड बैलांचं रक्त ज्यांच्यात मिसळलं नाही, तेवढ्याच. कानातले केस आणि रक्त फिनलंडला जाणार, तिथं त्यातून सगळं घराणं वाचतात म्हणे. मी म्हटलं, "एवढ्या लांब कशाला? मला विचारा की, तोंडपाठ आहे." आयपेरी पोट धरून हसली. तिचं हसू थेट तिच्या आईसारखं. बघत बसावं.

यादीत येईल त्या गाईला हिवाळाभर गवत तेच देणार. आणि ती कापायची नाही.

रात्री जेवताना जोल्दोश म्हणाला — माझा लेक, घर तोच ओढतो — "आपा, तार्गिल दोन वर्षं भाकड आहे. यादीत आली तर राहील. नाही आली तर पहिल्या बर्फाला सोगुमला, हिवाळ्याच्या मांसाला, तीच कापायची. खायला नको का घरात?"

खोटं नाही बोलत तो. मी चहा ढवळत राहिले. तार्गिलच्या खापरपणजीला माझ्या आईनं माझ्या लग्नात पाठवलं होतं, शिंगांना लाल फडकं बांधून. तिच्यापासून ही पाचवी.

१३ सप्टेंबर

रीकानं तळलेले नऊ बोरसोक खाल्ले. मोजले नाहीत, डोळ्यांना दिसले.

दुपारी गावातल्या बातमाचं घर तपासायचं राहून गेलं, तिची गुरं अजून वरच्या कुरणात आहेत. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, पोरं लहान. तेव्हा तार्गिलची कालवड मी तिला दिली, दूध प्यायला. देतातच आपल्यात. देणाऱ्यानं परत मागायची नसते, घेणाऱ्यानं आपणहून आणून द्यायची. अजून आणतेय! विचारलं की, "कसली गाय एजे, नुसती हाडं, आज मरते की उद्या!" म्हणजे छान धष्टपुष्ट असणार. जनावराचं कौतुक करून कोण दृष्ट लावून घेईल?

काय सांगत होते — हां. तार्गिलच्या कानातले केस घेतले, रक्त घेतलं, काठी लावून उंची घेतली. मग रीका विचारत होती, आयपेरी मला सांगत होती. गाय कशी आहे? मी म्हटलं, "कसली गाय! नुसतं कातडं. खाते दोघींचं, दूध मांजराला पुरेना." बाप कुठला? म्हटलं, "असेल फार्मचा कुठला तरी मोकाट बैल, तिच्याकडे दुसरं कोण बघणार!" आणि थू थू थू.

कझाक डॉक्टर गालात हसला. रीका भराभरा लिहीत होती.

काय छान अक्षर आहे तिचं!

१५ सप्टेंबर

गेली सगळी. घर केवढं मोठं झालं.

२० ऑक्टोबर

आयपेरीचा फोन. यादी झाली. तार्गिल नाही.

"आपा, तूच सांगितलंस ना बाप फार्मचा म्हणून? मिश्र म्हणून नोंद झाली."

"अगं, ते तसं म्हणायचं असतं!"

"मला काय माहीत? मी तू बोललीस ते जसंच्या तसं सांगितलं."

शहरात वाढलेली पोर. कुणी शिकवलंच नाही तिला. मी तरी कधी शिकवलं? बाप आमच्या म्हाताऱ्याचा काळा बैल होता, अख्ख्या गावाला ठाऊक. ती म्हणाली, "मिश्र गाईंचे केस वेगळ्या खोक्यात ठेवलेत, ते वसंतात तपासतील. मामाला तेवढं थांबायला सांग."

२१ ऑक्टोबर

सांगितलं जोल्दोशला. तो म्हणाला, "आपा, पाहुण्यांसमोर एक आणि आता एक. गाय वाचवायला तू काहीही म्हणशील."



४ नोव्हेंबर

बर्फ. तार्गिल नाकानं उकरत होती आणि खालचं पिवळं गवत ओढत होती. शेजारच्या थोराड गाई बघत उभ्या. वाईट हिवाळ्यात फार्मच्या गाई अशाच उभ्या उभ्या मेल्या होत्या. मी खिडकीशी बसून राहिले. उठवेना.

९ नोव्हेंबर

बर्फ पडूनही जोल्दोश चार दिवस थांबला. स्वतःहून. मी पुन्हा बोलले नव्हते. काल गंजीत हात घालून आला आणि म्हणाला, "आपा, चार जनावरांचं गवत आहे. पाच आहेत."

१२ नोव्हेंबर

झालं. मी पाणी पाजलं. दोर त्यानं धरला. हात पसरून आशीर्वाद मागायचा तर शब्दच आठवेनात मला, या वयात! जोल्दोशनंच म्हटले.

शेजाऱ्यांचे वाटे पोचते केले. कलेजी माझ्यापुढे ठेवली, मान माझा होता. चावली.

१९ मार्च

फोन. आयपेरी रडत होती आणि हसत होती. ते खोकं उघडलं. एवढ्या गाई तपासल्या, त्यात सगळ्यांत निर्भेळ रक्त — तार्गिल. रीकानं दोनदा तपासलं म्हणे. मे महिन्यात तिला बघायला येतायत.

"कुठं आहे ती आपा? बरी आहे ना?"

सांगितलं.

तिचं हसू थांबलं. मग म्हणाली, "मग संपलं ते घराणं."

बातमाचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं. दिलेली गाय मागायची? तिच्या पोरांच्या तोंडचं दूध? रात्री जोल्दोशजवळ मात्र बोलून गेले. तो उठला. टोपी घालून बाहेर गेला.

२ मे

रीका आणि आयपेरी बाकीच्या गाई बघायला सकाळीच आल्या आणि मोकळ्या खुंट्याशी उभ्या राहिल्या. तेवढ्यात बातमा. हातात दोर, दोराला गाय, तार्गिलचेच पट्टे. "जोल्दोशनं सांगितलं, एजे. नाव घाला यादीत हिचं. दूध मात्र आमच्याकडेच राहील हं!"

रीकानं वही उघडली. आयपेरीनं विचारलं, "आपा, कशी आहे गाय?"

जीभ वळलीच होती. दातांत धरली.

"चांगली आहे," म्हटलं. "फार चांगली आहे. लिही."