बेसिलचा तुरा

प्रिय सूनबाई,

मध्यंतरी तुझी धाकटी बहीण येऊन गेली. जाताना दारात तिने एक गोष्ट सांगितली आणि वर ताईला सांगू नका असंही बजावलं, म्हणजे मी तुला विचारावं हीच तिची इच्छा असणार. त्या गोष्टीकडे येतेच. आधी आपल्या बेसिलचं, कारण फोनवर तू माझ्या गुडघ्यांच्याही आधी त्याची चौकशी करतेस आणि मी नुसतं बरं आहे म्हणते.

माझ्या लेकाने, तुझ्या नवऱ्याने, किती हौसेने आणलं होतं ते, परदेशी तुळस म्हणून. तो गेला आणि आपण दोघी एकाच घरात असून एकमेकींकडे बघेनाशा झालो. हिचं कशात लक्ष असणार, म्हणून मी सकाळी गुपचूप पाणी घालायचे. आईंना काय सुधरणार, म्हणून तू दवाखान्यातल्या ड्युटीवरून आल्यावर घालायचीस. पानं पिवळी पडली, बुंधा कुजला, तेव्हा दोघींची चोरी उघडी पडली. आधी हसू आलं. मग तिथेच, ओट्यापाशी, एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. तू बरे होते तेवढे शेंडे कापून काचेच्या पेल्यात ठेवलेस. पांढरी मुळं फुटली आणि मला वाटलं, त्याचं काहीतरी राहिलं आपल्याकडे.

तेव्हापासून मी ते कधी फुलू दिलं नाही. तोच सांगायचा ना, बेसिलला तुरा आला की पानं बारीक होतात आणि बी धरलं की झाड आटोपतं. म्हणून तुरा दिसला रे दिसला की मी खुडायची. झाड थकलं की त्याचाच शेंडा पाण्यात, मग नवी कुंडी. तुझी बदली झाल्यावरही माझं हेच चाललं होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई कपडे वेळेवर शिवत नाहीत, झाडाची हजामत मात्र रोज. म्हणू देत. बोटांना तो वास लागला की वाटतं, तो मागे उभा आहे आणि आता माझा चष्मा लपवणार.

तर बहिणीने सांगितलं ते असं. तुमच्या दवाखान्यातल्या औषधं देणाऱ्याने तुला लग्नाचं विचारलंय. तुलाही तो आवडतो, पण आईंना काय वाटेल म्हणून तू उत्तर टाळते आहेस. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी शेंड्यावर तुरा दिसला. धागे कापायची कात्री उचलली, आणि परत ठेवून दिली. पांढरी फुलं आली, मधमाश्या आल्या, आणि मग झाड वाळलं. कुंडी रिकामी आहे. फोनवर हे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते आहे. सोबतच्या पुडीत त्याचं बी आहे. त्या माणसाला हो म्हण. नव्या घरात उन्हाची खिडकी बघून पेर, वर माती हलकीच भुरभुरव. आणि पाणी कोण घालणार, ते दोघांनी आधीच ठरवून घ्या.

तुझीच,
आई