ओपोकू मामांचे रडणे

असोक्वा, कुमासी
मंगळवार, १३ ऑगस्ट

आदरणीय ओपोकू मामा,

घरातील सर्वांना नमस्कार. कोकोची झाडे, मामींचा गुडघा आणि नवी शेळी, तिघांचीही खुशाली कळवावी. माझी प्रकृती उत्तम आहे. गेल्या शनिवारी तुम्ही ती स्वतःच पाहून गेलात.

आधी त्या पोस्टरविषयी, कारण तुम्ही ऐकून न घेताच निघालात. आमच्या मालिकेत मी औषधविक्रेत्याचे काम करतो. तिसऱ्या भागात तो मरतो. आपल्याकडे माणूस गेला की फोटो, वय आणि अंत्यविधीचा दिवस छापून भिंतीभिंतीवर लावतात. मालिकेतल्या मृतालाही त्यातून सूट नाही. फोटो माझा होता आणि पात्राला नावही माझेच दिलेले होते. चित्रीकरणानंतर सगळी पोस्टरे काढली, पण मोटारतळावरचे एक राहून गेले. नेमके तेच आपल्या गावच्या ड्रायव्हरने पाहिले, आणि तुम्ही दोन वडीलधाऱ्यांसह सुतकाची काळी-लाल वस्त्रे नेसून माझ्या दारात आलात.

मी बाहेर आलो तेव्हा माझ्या हाताला जेवणातला फुफू लागलेला होता. वृद्ध बोआडू म्हणाले, "प्रेताची भूक शाबूत आहे." तुम्ही म्हणालात, "मास्तर होता तेव्हा पगार मिळायचा. आता मरण मिळतंय." मग पुढे केलेल्या पाण्याला हातही न लावता तुम्ही वळलात.

आता थोडे मालिकांविषयी लिहितो, म्हणजे पुढचे नीट कळेल. कॅमेरा इतका जवळ येतो, की पापणी हलली तरी ती मोठी हालचाल ठरते. असे असूनही आमच्या मालिकांत कुणी मेले की सगळे पहिल्या क्षणापासून किंचाळतात. याचे कारण मला सापडले आहे: आम्ही रडणारी माणसे पाहून रडायला शिकत नाही, रडणारे नट पाहून शिकतो. सहकलाकारांना मी हे वर्गात बाष्पीभवन शिकवावे तसे पायरीपायरीने समजावतो. ते मला अजूनही 'सर' म्हणतात, अर्थात चिडवण्यासाठी.

शनिवारी तुम्ही फाटकाशी आलात, तेव्हा मी खिडकीशी जेवत होतो. काळी-लाल वस्त्रे पाहताच काय घडले असावे ते मला उमगले. तरी मी उठलो नाही.

तुम्ही चपला काढल्या. खांद्यावरचे वस्त्र सारखे केले. मग घरमालकीणबाईंना अगदी साध्या आवाजात विचारलेत, "त्याच्या अंगात कोणता शर्ट होता?"

"कोणाच्या? क्वाद्वोच्या? पिवळा," त्या म्हणाल्या. "धुवायला टाक म्हणून सांगून थकले मी."

त्यांचे शेवटचे शब्द तुम्हाला ऐकूच गेले नसावेत. तुम्ही दोन्ही हात डोक्यावर ठेवून उकिडवे बसलात, आणि तुमचा आवाज फुटला. क्रम मी मनात नोंदवला: आधी चपला, मग वस्त्र, मग शर्ट, शेवटी आवाज. "अहो, तो आत जेवतोय," असे त्या दोनदा म्हणाल्या, तेव्हा कुठे मी बाहेर आलो.

काल चित्रीकरण झाले. मालिकाच ती, औषधविक्रेत्याला जुळा भाऊ निघाला आहे आणि तोही मीच. भावाच्या मृत्यूची बातमी ऐकून तो घरी येतो. मी चपला काढल्या, शर्टाचे विचारले, उकिडवा बसलो.

"कुठून आणलंस हे, सर?" दिग्दर्शकाने विचारले.

"घरून," मी म्हणालो.

त्याने तोच प्रसंग नेहमीच्या पद्धतीनेही करून घेतला आहे. दुसरे चित्रण निर्दोष आहे आणि त्यात तुम्ही नाही. रविवारी कोणते दाखवायचे, हे मला शनिवारी सकाळी दिग्दर्शकाला सांगायचे आहे. पहिले दाखवले तर सारे गाव तुम्हाला ओळखेल. पण मला पुढे मोठे काम मिळेल ते त्याच्याच बळावर. तुम्ही 'नको' म्हणालात तर दुसरे जाईल. फोन करू नये. शुक्रवारी मी गावी येत आहे. जे असेल ते समोर सांगावे.

मी अभ्यासासाठी बसून राहिलो, असा वरच्या मजकुराचा अर्थ होतो. तो अर्धाच खरा आहे. तुम्ही माझ्यासाठी रडू शकता, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मला ते आणखी ऐकायचे होते.

तुम्ही ज्याच्यासाठी रडलात, तो
क्वाद्वो