आईच्या पायांची सूज

प्रिय दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. आईने शपथ घातलीय, पण तुला सांगितल्यावाचून राहवतही नाही.

सूज उतरायला दिलेली लघवीची गोळी रोज घेऊनही तिचे पाय टम्म सुजत होते. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कुठलं औषध घेता?"

आई ओशाळली. "गुडघेदुखीची गोळी. सायकल शिकतेय ना!"

ती गोळी लघवीच्या गोळीला कामच करू देत नव्हती. बाईंनी ती बंद केली, गुडघ्याला शेक द्यायला आणि सायकलची सीट उंच करायला सांगितलं. आठवड्यात सूज उतरली.

आज उतारावर मागून घंटी वाजली. "बाजूला हो गं!" ओरडत आई भुर्रकन पुढे गेली.

तुझी,
अजून पायीच फिरणारी धाकटी